गेमिंग लॅपटॉप तापतो, एफपीएस गळतात: पेस्ट बदलण्याआधी काय काय बघायचं

दुरुस्तीच्या टेबलावर महागडा गेमिंग लॅपटॉप आला की सोबतची तक्रार बहुतेक ठरलेली असते: "गरम होतो, गेम अडकतो, पेस्ट बदलून द्या." निदान आणि औषध दोन्ही घरूनच ठरवून आणलेलं. (पेस्ट म्हणजे चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा थर.) पण या एका वाक्यात चार-पाच वेगळे बिघाड लपलेले असतात आणि त्यातल्या निम्म्यांचा पेस्टशी काडीचा संबंध नसतो. म्हणून आधी आपलं दुखणं नेमकं कोणतं, ते खालच्या यादीत शोधा.

लक्षणं

– पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम झकास चालतो, मग एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हळूहळू उतरतात आणि खालीच राहतात. पंखे पूर्ण जोरात. हे खरं उष्णतेचं दुखणं.

– दर काही सेकंदांनी एफपीएस धाडकन पडतात आणि परत चढतात. उष्णता असू शकते, वीज कमी पडत असेल असंही होऊ शकतं.

– पहिल्या मिनिटापासूनच गेम मंद, आणि लॅपटॉप म्हणावा तितका तापतही नाही. इथे उष्णतेच्या मागे लागू नका. अ‍ॅडॉप्टर, मोड किंवा ग्राफिक्सची अदलाबदल, यांतलं काहीतरी आहे.

– चार्जर लावलेला असताना खेळता खेळता बॅटरीचे टक्के उतरत जातात.

– सरासरी एफपीएस चांगले, पण नकाशाच्या नव्या भागात शिरलं की गचका बसतो. बहुधा ग्राफिक्स मेमरी भरली आहे किंवा शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) तयार होतायत. ८ जीबी मेमरीच्या कार्डावर टेक्श्चर अल्ट्राला ठेवलं की हे होणारच. टेक्श्चर एक पायरी खाली आणा, पुढचं वाचायची गरज उरणार नाही.

– प्रोसेसरचा वेग ४०० ते ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला, साधा फोल्डर उघडायलाही वेळ. याबद्दल शेवटी.

– लॅपटॉप काही न सांगता फटकन बंद पडतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच बघून घ्या. झाकण बंद करून लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का, टचपॅड वर आलाय का, टचपॅडचं क्लिक घट्ट झालंय का, खालचं पॅनेल मधोमध फुगलंय का? यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि थेट तंत्रज्ञाकडे न्या. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, "गेम संपेपर्यंत चालू दे" म्हणायचं नाही.

आधी मोजा

तापमानाचा आकडा बघून घाबरणारे खूप, पण वॅट बघणारे फार थोडे. खरी गंमत वॅटमध्ये आहे. इंटेलच्या अलीकडच्या एच आणि एचएक्स (नावाच्या शेवटी ही अक्षरं असलेल्या) प्रोसेसरांची कमाल मर्यादा मॉडेलप्रमाणे साधारण १०० ते ११० अंश आहे, एएमडीच्या रायझनची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५. एनव्हिडियाची लॅपटॉपमधली कार्डं बहुधा ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. जड गेममध्ये प्रोसेसरने मधून मधून ९५ला शिवणं आणि ग्राफिक्सने ७५ ते ८५मध्ये राहणं हे पातळ, ताकदवान लॅपटॉपमध्ये रोजचंच. कंपनीने तो तसाच बनवलेला असतो. ९५ अंश आणि १२० वॅट ही तब्येत ठीक. ९५ अंश आणि ४० वॅट हा आजार.

त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवडून चालू करा. गेम सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं खेळा, त्यात मध्ये मेनूमध्ये जाऊन थांबू नका. मग चार गोष्टी लिहून घ्या: सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसरचे वॅट), जीपीयू पॉवर (ग्राफिक्सचे वॅट), दोन्हींचे वेग आणि थर्मल थ्रॉटलिंगपुढे (उष्णतेमुळे वेग कापला जाणं) हो आहे की नाही. ग्राफिक्सच्या भागात 'परफॉर्मन्स लिमिट' नावाच्या ओळी असतात. तिथे थर्मलपुढे हो दिसलं तर उष्णता अडवतेय. पॉवरपुढे हो दिसलं तर कार्ड आपल्या वॅटच्या मर्यादेला टेकलंय, आणि पूर्ण वॅट मिळत असतील तर हीच निरोगी अवस्था. युटिलायझेशन दिसलं तर कार्डाला कामच पुरत नाहीये. म्हणजे प्रोसेसर मागे पडतोय किंवा एफपीएसवर कुठेतरी मर्यादा लावलेली आहे.

आपल्या कार्डाला किती वॅट मिळायला हवेत, हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात टीजीपी या नावाने असतं. ते न बघता मित्राच्या लॅपटॉपशी तुलना करू नका. लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ४०८० हे एकाच नावाचं कार्ड कंपनीच्या मर्जीप्रमाणे ६० ते १५० वॅटमध्ये कुठेही बसवलेलं असू शकतं. मित्राला तुमच्यापेक्षा जास्त एफपीएस मिळतात म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्ये बिघाड आहे, असं नाही.

खोलीचं तापमानही नोंदवा. बाकी सगळं तेच असेल तर खोली दहा अंशांनी तापली की आतले आकडेही साधारण तेवढेच चढतात. जानेवारीत पुण्यात ठणठणीत असलेला लॅपटॉप मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांत खेळायला घेतला तर तो कुरकुरणारच.

एक पैसाही न लागणाऱ्या गोष्टी

मागची बाजू उचला. बहुतेक गेमिंग लॅपटॉप खालून थंड हवा ओढतात आणि मागून किंवा बाजूंनी गरम हवा फेकतात. खालचे रबरी पाय जेमतेम काही मिलिमीटरचे असतात. मागच्या दोन पायांखाली इंचभर जाडीचं काहीही ठेवा, जाळी मोकळी राहिली की झालं. गादी, गोधडी, सोफा, मांडी हे सगळं बाद. मागे भिंत असेल तर वीतभर अंतर सोडा, नाहीतर फेकलेली गरम हवाच फिरून आत येते. ही तपासणी सगळ्यात आधी, कारण हिला दोन मिनिटं लागतात आणि हिच्यामुळे पुढचे सगळे आकडे बदलतात.

कूलिंग पॅडबद्दल हमखास विचारलं जातं. स्वस्तातल्या पॅडचे छोटे पंखे फारसं काही करत नाहीत. फरक पडतो तो लॅपटॉप वर उचलला गेल्याचा, आणि ते काम दोन जुनी पुस्तकंही करतात. कडेने फोम असलेले, लॅपटॉपच्या खालची जागा सील करून जोरात हवा कोंबणारे पॅड मात्र खरंच उपयोगाचे. पण त्यांचा आवाज घरच्यांना चालेल का, ते आधी विचारा, आणि धुळीची जाळी असलेलाच घ्या. नाहीतर तेवढीच धूळ जास्त वेगाने आत जाईल.

आता अ‍ॅडॉप्टर. पहिल्या मिनिटापासून मंद असलेल्या लॅपटॉपांमध्ये पहिला संशयित हाच. वरच्या श्रेणीच्या लॅपटॉपला २३०, २८०, ३३० वॅटचा जाडजूड अ‍ॅडॉप्टर येतो. तो ऑफिसात राहिला म्हणून टाइप-सीचा १०० वॅटचा चार्जर लावला की बॅटरी भरते, लॅपटॉप चालतो, स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्हही दिसतं. पण गेमला लागणारी वीज तिथून मिळत नाही आणि लॅपटॉप गुपचूप दोन्ही चिपांचे वॅट कापतो. बाजारातला 'चालेल हो' म्हणून घेतलेला डुप्लिकेट अ‍ॅडॉप्टरही तेच करतो. काही कंपन्यांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये ओळख सांगणारी वेगळी पिन असते. ती ओळख पटली नाही की लॅपटॉप वेग दाबून ठेवतो. म्हणून मूळ अ‍ॅडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा, मध्ये ढिला एक्स्टेन्शन बोर्ड नको. अ‍ॅडॉप्टर स्वतःही तापतो, त्याला उशीखाली किंवा सतरंजीवर कोंबू नका. आणि लॅपटॉपकडच्या टोकाला प्लग हाताला चटका देत असेल किंवा प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर तिथेच थांबा. तो जॅक बदलायला हवा, आणि ते घरी करायचं काम नाही.

मूळ अ‍ॅडॉप्टर लावूनही पूर्ण जोराच्या गेममध्ये बॅटरी एक-दोन टक्के उतरते, असं काही लॅपटॉपांमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं. क्षणिक जास्तीची गरज बॅटरी भागवते. तासाभरात वीस-तीस टक्के उतरत असेल तर मात्र गडबड आहे. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबते हा बिघाड नाही, ती बॅटरी जपण्याची सोय असते. आणि नुसत्या बॅटरीवर गेम मंद चालतो याचीही तक्रार करू नका. जगातला कुठलाही लॅपटॉप बॅटरीतून तेवढे वॅट देत नाही.

मग मोड. बऱ्याच लॅपटॉपांवर फंक्शन बटणासोबत एक कळ दाबली की शांत, मध्यम आणि जोरकस असे मोड बदलतात. लेनोव्होच्या लीजनवर ती कळ क्यू, आसूसच्या गेमिंग लॅपटॉपांवर एफ-५. चुकून बोट लागून लॅपटॉप शांत मोडमध्ये गेलेला आणि मालक महिनाभर पेस्टच्या व्हिडिओंत बुडालेला, हे मी इतक्यांदा बघितलंय की लॅपटॉप हातात घेतला की आधी ती कळ दाबतो. लीजनवर पॉवर बटणाचा रंग बघा: निळा म्हणजे शांत, पांढरा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जोरात.

लॅपटॉपसोबत आलेल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कसं जोडलंय तेही दिसतं. हायब्रिड मोडमध्ये चित्र वेगळ्या कार्डावर तयार होऊन प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सच्या वाटेने स्क्रीनवर जातं आणि त्यात थोडे एफपीएस जातात. मक्स स्विच (हा वळसा टाळून कार्ड थेट स्क्रीनला जोडणारी सोय) असेल तर खेळताना थेट कार्डाचा मोड ठेवा. आणि गेम मुळात वेगळ्या कार्डावरच चालतोय ना, ते विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये बघा.

आता पार्श्वभूमीला काय चाललंय ते. गेम बंद करून पाच मिनिटं लॅपटॉप नुसता राहू द्या आणि टास्क मॅनेजर बघा. काही न करता ग्राफिक्स ७०-८० टक्के कामात असेल तर फुकटात उतरवलेल्या क्रॅक गेमबरोबर क्रिप्टोची नाणी खोदणारा मायनर आलेला असण्याची दाट शक्यता आहे. काही मायनर इतके चतुर की टास्क मॅनेजर उघडला की काम थांबवतात. मग पंख्याचा आवाज आणि एचडब्ल्यूइन्फोचे वॅट खोटं बोलत नाहीत. अशा वेळी साफसफाईच्या भानगडीत न पडता फोटो-कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं बरं.

सेटिंग बदलून उष्णता कमी करणं

इथे जरा सावकाश वाचा, कारण पेस्टपेक्षा जास्त फरक मला इथे दिसलेला आहे.

पहिली गोष्ट एफपीएसला लगाम. स्क्रीन १६५ हर्ट्झची असेल आणि गेम २८० एफपीएस देत असेल तर वरच्या शंभरेक फ्रेम पूर्ण दिसतच नाहीत, पण त्यांची उष्णता पुरेपूर मिळते. काही गेमचे मेनू तर लगाम नसल्यामुळे खेळण्यापेक्षा जास्त तापवतात. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ठरवता येतो. स्क्रीनच्या हर्ट्झपेक्षा दोन-चार कमी ठेवा. सायबरपंकसारख्या गेममध्ये, जिथे मुळात साठ-सत्तरच मिळतात, तिथे ६०ला बांधून टाका. सतत ७०-५५-६८ असं हेलकावे खाण्यापेक्षा ठाम साठ डोळ्यांना बरे वाटतात.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची हाव आवरणं. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्या वरून जाणाऱ्या तांब्याच्या हीटपाइप सामाईक असतात. त्यामुळे प्रोसेसरने ओतलेली उष्णता ग्राफिक्सच्याही वाट्याला येते. अ‍ॅडॉप्टरची वीजही सामाईक. एनव्हिडियाचं डायनॅमिक बूस्ट प्रोसेसरच्या वाट्याचे वॅट गरजेप्रमाणे ग्राफिक्सकडे वळवतं, वरच्या कार्डांत हे २५ वॅटपर्यंत जातं. पण प्रोसेसरच बकाबका खात असेल तर वळवायला उरतं काय? आय-नाइन १४९००एचएक्स घ्या. त्याची कागदावरची मूळ मर्यादा ५५ वॅट, टर्बोत, म्हणजे वेग वाढवून धावताना, १५७ वॅट. बहुतेक मोठ्या गेमना त्या टर्बोच्या शेवटच्या टोकाची गरजच नसते. तरी शेवटचे चारशे-पाचशे मेगाहर्ट्झ गाठायला प्रोसेसर व्होल्टेज चढवत नेतो, आणि उष्णता वेगाच्या कितीतरी पटीने वाढते.

म्हणून लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम मोड असेल तर प्रोसेसरची दीर्घकालीन मर्यादा ४५ ते ५५ वॅटवर आणून बघा आणि ग्राफिक्सची पूर्ण ठेवा. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये एफपीएस तेच राहतात किंवा थोडे वाढतात, पंखे शांत होतात आणि प्रोसेसरचं तापमान चांगलंच उतरतं. कस्टम मोड नसेल तर जुनी युक्ती आहे: पॉवर ऑप्शन्सच्या सखोल सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० टक्क्यांऐवजी ९९ करायची. एका टक्क्याने टर्बोच बंद होतो. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोजने हा पर्याय लपवलेला असतो, तेव्हा दिसला नाही तर गोंधळू नका. पण हा उपाय जाडाभरडा आहे. १४९००एचएक्सच्या मोठ्या कोअरचा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइकसारखे प्रोसेसरवर चालणारे, दोनशे-तीनशे एफपीएसचे गेम टर्बो बंद केल्यावर स्पष्ट मागे पडतील. तिथे वॅटची मर्यादाच लावा, टर्बो तोडू नका.

यापुढची पायरी अंडरव्होल्टची. ग्राफिक्ससाठी एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडून, तोच वेग थोड्या कमी व्होल्टेजवर मिळवायचा. थोडं थोडं उतरवा, प्रत्येक वेळी अर्धा तास खेळा. गेम आपटला किंवा स्क्रीनवर ठिपके आले की एक पायरी मागे. ठिपके सेटिंग मूळ जागी आणल्यावरही राहिले तर ते अंडरव्होल्टचं काम नाही, तंत्रज्ञाकडे जा. प्रोसेसरचं अंडरव्होल्ट इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत बंद आहे. २०१९च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली, त्यानंतर कंपन्यांनी बायोसमधून (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) ते कुलूपबंद केलं. एचएक्स प्रोसेसरांमध्ये ते पुष्कळदा खुलं मिळतं. नसेल तर हट्ट करू नका. कुलूप तोडण्यासाठी कुठलीतरी बदललेली बायोस टाकून लॅपटॉपचा ठोकळा करून आणणारेही येतात.

बायोसचा विषय निघालाच आहे तर कंपनीच्या अधिकृत पानावरची नवी बायोस जरूर बघा, पंख्यांची चाल आणि वॅटच्या मर्यादा तिच्यातूनच ठरतात. मात्र ती टाकताना अ‍ॅडॉप्टर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. भारनियमनाच्या वेळेला हा उद्योग नको.

झाकण उघडायचं का?

वरचं सगळं करून झालं, वॅट अजून कमी आणि थर्मलपुढे हो, तर आता धूळ. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला ईमेल करून विचारा, की मालकाने खालचं पॅनेल उघडलं तर चालतं का. उत्तर लेखी हवं.

पुष्कळ जण बाहेरून जाळीत टॉर्च मारून "स्वच्छ आहे की" म्हणतात. धूळ तिथे दिसतच नाही. पंखा हवा आतून बाहेर ढकलतो, त्यामुळे धूळ पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधल्या तोंडावर, आतल्या बाजूने साचते. पंख्याचं झाकण काढलं की तिथे करड्या रंगाची नमद्यासारखी घट्ट पट्टी मिळते. चिमट्याने एका टोकाला धरली तर अख्खी एका तुकड्यात निघते आणि खाली पट्ट्या कोऱ्या चकचकीत असतात. घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यात केस विणलेले. मुंबई-कोकणाकडच्या लॅपटॉपांत हीच धूळ दमट आणि चिकट होते, पट्ट्यांवर हिरवट डागही येतात. तिथे नुसत्या फुंकरीने काही होत नाही, ब्रशच लागतो.

म्हणूनच बाहेरून ब्लोअर मारणं अर्धवट काम आहे. पट्टी फुटून पंख्यात पडते, चार दिवस बरं वाटतं, परत तिथेच. शिवाय ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या कुवतीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. व्हॅक्यूम क्लीनरही नको, स्थिर विजेचा धोका असतो.

उघडायचंच असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, अ‍ॅडॉप्टर बाहेर, मग स्क्रू. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की बोर्डात घुसतो. पॅनेल निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मगच दुसऱ्या कशाला हात. पंख्याची पाती आइस्क्रीमच्या काडीने अडवून धरा आणि मऊ ब्रशने साफ करा. बोटाने पंखा फिरवून बघा: मोकळा, बिनआवाज फिरायला हवा. घरघरला किंवा अडखळला तर पंखा बदलायचा. त्यात तेल घालण्याचा देशी इलाज आठवडाभर टिकतो.

इथपर्यंत हात सरावलेला माणूस घरी करू शकतो. पुढचं बहुतेकांनी करू नये.

पेस्ट: कधी, आणि कोणी

पेस्ट खरंच गेली असल्याच्या खुणा आहेत. प्रोसेसर थोड्याच वॅटवर काही सेकंदांत ९५च्या पुढे उडी मारतो. त्याच्या सारख्याच कामाच्या दोन कोअरमध्ये पंधरा-वीस अंशांचा फरक दिसतो. ज्या कार्डांत हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) तापमान दिसतं, तिथे ते सरासरीपेक्षा पंचवीस अंशांहून जास्त वर असतं, एरवी दहा-पंधरा असतं. या खुणा नसताना पेस्ट बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, उघडं सिलिकॉन असतं. वारंवार गरम-थंड होताना पातळ पेस्ट कडेला सरकत जाते आणि मधे कोरडं पडतं. म्हणून डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं टिकणारी नामांकित पेस्ट लॅपटॉपवर काही महिन्यांत उतरते. इथे हनीवेलची पीटीएम ७९५० ही पातळ चकती चांगली. साधारण ४५ अंशांच्या वर ती मऊ होऊन पसरते आणि सहसा सरकत नाही. लावल्याबरोबर आकडे सुधारत नाहीत, काही वेळा तापून-निवून झाली की बसते. बाजारात नकली पुष्कळ आहे, खात्रीच्या दुकानदाराकडूनच घ्या.

आता जिथे ठामपणे थांबायचं, ती जागा. वरच्या श्रेणीच्या काही लॅपटॉपांत पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं, आसूसने तर २०२० पासून आपल्या अनेक गेमिंग मॉडेलांत ते वापरलंय. हा गॅलियमचा मिश्रधातू आहे. त्यातून वीज वाहते आणि ॲल्युमिनियमला तो खातो. हीटसिंक उचलताना एक थेंब शेजारच्या बारीक कंपोनंटवर पडला आणि लॅपटॉप चालू केला की बोर्ड गेला. तुमच्या मॉडेलमध्ये ते आहे का, हे माहितीपत्रकात वाचा. असेल तर घरी हीटसिंकला हात लावू नका, आणि तंत्रज्ञालाही आधी विचारा की याआधी हे काम केलंय का, परत लिक्विड मेटल लावणार की पीटीएम. "हो हो, पेस्ट टाकून देतो" असं उत्तर आलं तर लॅपटॉप उचलून पुढच्या दुकानात जा.

साध्या पेस्टच्या लॅपटॉपमध्येही मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले की त्याच जाडीचे मिळवावे लागतात. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड टाकला तर हीटसिंक चिपवर नीट टेकतच नाही, आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या क्रमानेच, थोडे थोडे आवळायचे. एकीकडून घट्ट पिळले तर सिलिकॉनच्या कोपऱ्याचा टवका उडतो. त्यावर इलाज नाही, बोर्ड बदला.

थेट तंत्रज्ञाकडे न्यायची प्रकरणं

जळका वास, फुगलेली बॅटरी, चहा-पाणी सांडलेलं, एक पंखा पूर्ण बंद. यात घरी तपासायचं काही उरत नाही.

फटकन बंद पडणाराही यातच. तापमान मर्यादेच्या खाली असताना लॅपटॉप बंद पडत असेल तर बोर्डावरच्या वीजपुरवठ्याचा भाग किंवा अ‍ॅडॉप्टर संशयित, आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघण्याने नुकसान वाढतं.

४०० मेगाहर्ट्झवर अडकलेला प्रोसेसर: इथे बीडी प्रोकहॉट नावाचा सिग्नल काम करत असतो. बोर्डावरचा दुसरा कुठलातरी भाग प्रोसेसरला "थांब" म्हणतोय. मूळ अ‍ॅडॉप्टर लावून आणि एकदा पूर्ण बंद करून सुटलं तर ठीक. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये त्याची खूण काढून टाका असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. खूण काढली की वेग येतो खरा, पण ओरडणारा भाग गप्प केलात, बिघाड तिथेच आहे. निदानापुरतं करून बघा आणि दुरुस्तीला न्या.

स्वच्छता झाली, पेस्ट नवी, तरी थोड्याशा वॅटवर लगेच शंभर अंश, आणि मागून येणारी हवा जेमतेम कोमट? मग हीटपाइप किंवा व्हेपर चेंबर आतून निकामी झालेलं असू शकतं. आतला द्रव गळून गेला की ते नुसतं पोकळ तांबं उरतं. ते दुरुस्त होत नाही, त्याच मॉडेलचा अख्खा हीटसिंक मागवावा लागतो. वॉरंटी असेल तर कंपनीकडूनच बदलून घ्या, आणि एचडब्ल्यूइन्फोचे स्क्रीनशॉट सोबत जोडा. "गरम होतो" या तक्रारीला "नॉर्मल आहे" हे उत्तर मिळतं. "३५ वॅटवर १०० अंश, खोली २७ अंश" असं लिहिलं की समोरच्याला ते वाचावं लागतं.

दुकानात देतानाही तेच आकडे द्या आणि काय लावणार ते बिलावर लिहून मागा. परत घेताना तिथेच अर्धा तास गेम चालवून बघायचा आग्रह धरा: तोच गेम, तेच सेटिंग, तोच मोड, मूळ अ‍ॅडॉप्टर. तापमान दहा अंशांनी उतरलंय पण वॅटही तितक्याच प्रमाणात उतरलेत, असं दिसलं तर कोणीतरी शांत मोड लावून दिलाय. आधी ती कळ दाबा, परत मोजा, मग पैसे द्या.